चाळीस दिवस आणि एक कॉट

डिसेंबर उजाडला की आपल्या घरांतल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पेनाच्या खुणा वाढू लागतात. ६ ला महापरिनिर्वाण दिन, २५ ला मनुस्मृती दहन दिन, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, ३ ला सावित्रीमाईंची जयंती, १४ ला नामविस्तार दिन. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या मागे नेमक्या याच दिवसांत चाचणी परीक्षा, सेवा योजनेचे शिबिर आणि स्नेहसंमेलन लागलेले असते. आमच्या वेळी अशी धावपळ नव्हती, असे घरातली तरुण मंडळी आम्हाला ऐकवत असतात. म्हणून आज वाचक भगिनींना आणि बांधवांना माझ्या एका हिवाळ्याचा हिशोब सांगते. ६ डिसेंबर १९९३ ते १४ जानेवारी १९९४. महिना म्हणते खरी, पण दिवस चाळीस होते.

मी तेव्हा कोल्हापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. गाव एस.टी.ने दीड तासावर. कॉलेजसाठी राहत होते आत्तीकडे, वस्तीतल्या दोन खोल्यांत. आत्ती, मामा, त्यांची चार मुले, मामांची आई, एक दीर आणि मी, अशी नऊ माणसे. आत्तीने मला कधी परकी मानले नाही, हे आधी सांगते. पण मामा फौंड्रीत कामाला. कोल्हापुरात उद्यमनगरपासून शिरोलीपर्यंत ओतकामाच्या भट्ट्या, आणि भट्टीवरचे काम म्हणजे अंगाचे पाणी करणारे. त्यांची सकाळची पाळी असली की ते म्हणायचे, "शीक की, मी न्हाई म्हणत न्हाई. पर दिवा दहाला मालवायचा. मला पाचाला उठायचं हाय." त्यात त्यांचे काय चुकले? दिवसभर वितळल्या लोखंडापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला झोप हवीच. आणि एका खोलीत एकच बल्ब असतो.

परळच्या चाळीत बाबासाहेबांना त्यांचे वडील रात्री दोनला अभ्यासाला उठवत, ही हकिकत आपल्याला पाठ आहे. मीही पहाटे उठून बघितले. पण स्वयंपाकघरात सासूबाई आणि दोन धाकट्या मुली झोपलेल्या. दिवा लावला की त्या चुळबुळत, मग बाळाप्पावाण्याकडून आणलेली मेणबत्ती लावून कोपऱ्यात बसायचे. एरवी कॉलेज सुटल्यावर ग्रंथालय बंद होईपर्यंत तिथेच. कधी करवीर नगर वाचन मंदिरात. १८५० साली सुरू झालेली ही जुनी संस्था. तिथे वर्तमानपत्र वाचत तासभर काढला, तर घरी स्वयंपाक उरकलेला असायचा आणि भिंतीला टेकायला जागा मिळायची.

जुलैत मागासवर्गीय मुलींच्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज केला होता. यादीत नाव आले नाही. प्रतीक्षा यादीत तिसरी होते. नोव्हेंबरच्या अखेरीला निरोप आला, की एका मुलीचे लग्न झाले, ती शिक्षण सोडून गेली, माझ्या वरच्या दोघींनी दुसरीकडे सोय केली, एक कॉट रिकामी आहे. गृहपाल बाईंनी कागदांची यादी हातात दिली. सगळे माझ्याकडे होते, फक्त चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला नव्हता. बाई म्हणाल्या, "३१ डिसेंबरपर्यंत आणून दे. त्यानंतर मला खालच्या नंबरला बोलवावं लागेल." त्या मुलीचे लग्न मोडले म्हणून नव्हे, लागले म्हणून मला जागा मिळत होती, याचे तेव्हा मला काही वाटले नाही. आता वाटते. तीही माझ्याएवढीच, बी.ए.च्याच वर्गातली.

६ डिसेंबरला सोमवार होता. मुंबईला जायचे ठरत होते, पण पुढच्या सोमवारपासून चाचणी, म्हणून मी राहिले. संध्याकाळी आत्तीबरोबर पांढरी साडी नेसून बिंदू चौकात गेले. तिथल्या पुतळ्यांविषयी आपल्या नव्या पिढीला सांगायला हवे. महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे हे पुतळे भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी उभे राहिले. म्हणजे बाबासाहेब हयात असताना. आपल्या नेत्याचा पुतळा त्याच्या डोळ्यांदेखत गावाच्या भर चौकात उभारायचा, हे धाडस या शहराने केले. त्या रात्री मेणबत्त्या लावणाऱ्यांची रांग चौकाबाहेर गेली होती. वातावरणात एक ताणही होता. नामांतरासाठी नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी २५ नोव्हेंबरला स्वतःला जाळून घेतले होते. त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. रांगेत तेच बोलणे चालले होते. पुढे काय होणार, हे कोणालाच माहीत नव्हते.

आता दाखल्याची गोष्ट.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, मुंबईला कापड गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या घरात तो कधी संपलाच नाही. ८३ साली आण्णा पेटी घेऊन गावी आले. तेव्हापासून हिवाळ्यात गुऱ्हाळावर आणि उरलेल्या दिवसांत मिळेल त्या कामावर. माझ्या शाळेतल्या जुन्या अर्जावर मात्र वडिलांचा धंदा 'गिरणी कामगार, मुंबई' असा पडलेला. कचेरीतल्या एका कारकुनाने त्यावर बोट ठेवले. म्हणाला, गिरणी कामगाराचा पगार एवढा कमी कसा? गिरणी बंद झाल्याचा दाखला आणा. पण गिरणी बंद झालेली नव्हती, आण्णांना परत घेतले नव्हते. आपल्याला कामावर घेतले नाही याचा दाखला माणसाला कोण देणार?

८ तारखेला गेले तेव्हा तलाठी बैठकीला गेलेले. १० ला गेले तेव्हा हे गिरणीचे निघाले. दोन्ही दिवस कॉलेज बुडाले. एस.टी.चे जाण्या-येण्याचे भाडे म्हणजे आईचा एका दिवसाचा रोज. १३ ते १६ चाचणी. अर्थशास्त्राच्या पेपरला 'राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या पद्धती' असा प्रश्न होता. मी तो फार चांगला लिहिला! घरचे उत्पन्न मोजण्याची पद्धत मात्र कुठल्या पुस्तकात नव्हती. १७ ला तिसरी फेरी. त्या वेळी तिथल्याच एका वयस्क शिपायाने बाजूला घेऊन सांगितले, "पोरी, गिरणीचा नाद सोड. आता वडील जिथं राबतात तिथल्या मालकाचा जबाब आन. गावातली दोन माणसं पंच म्हणून उभी कर." कचेरीत ज्याला खुर्ची नसते त्याला नियम बरोबर माहीत असतात.

१८ ला मला शिबिराला जायचे होते. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि एक विशेष शिबिर केल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणून १७ ला कचेरीतून परस्पर गावी जाऊन आईला सगळे सांगितले आणि पहाटेच्या गाडीने कोल्हापूर गाठले. शिबिराविषयी फार लिहीत नाही. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला. रात्री शाळेच्या वर्गात मुलींची पथारी. ३० सप्टेंबरच्या किल्लारीच्या भूकंपाला तीन महिने होत नव्हते. आम्ही कॉलेजातून चादरी-कपडे गोळा करून पाठवले होते, आणि थंडी वाजू लागली की हटकून कोणीतरी तिकडच्या पत्र्याच्या शेडचा विषय काढायची. सातव्या दिवशी ओढ्यात गुडघाभर पाणी साठलेले बघितले. ते मात्र डोळ्यांपुढून जात नाही.

इकडे गावात आईने काय केले, ते मला नंतर कळले.

आमच्या भागात दिवाळीपासून गुऱ्हाळे लागतात. काहिलीत रस उकळत असतो. त्यात भेंडीचे पाणी घालून मळी काढायची, गुळव्याने नजरेने पाक ओळखायचा, मग रस वाफ्यात ओतायचा. आण्णा चुलवाणावर जळण घालायचे आणि आई रस काढून उरलेली चिपाडे उन्हात पसरून वाळवायची. तीच चिपाडे पुन्हा चुलवाणात जातात. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत ज्या गुळाचे सौदे होतात आणि 'कोल्हापुरी गूळ' म्हणून ज्याचे नाव सगळीकडे गाजते, त्याची ही दुसरी बाजू. आईने गुऱ्हाळाच्या मालकाला जबाब द्यायला विचारले. आण्णांना वाटत होते तो नाही म्हणेल, कारण मजुराचा रोज कागदावर लिहून द्यायला कुठला मालक तयार असतो? तो माणूस हात पुसत आला आणि म्हणाला, "चला, लिहून देतो. हंगामी हाय, रोजावर हाय, खोटं कशाला?" वाटेत त्याने आईला सांगितले, "मी बी कोल्हापुरात बोर्डिंगात राहूनच मॅट्रिक झालोय, अक्का. तिथं जागा गावली न्हाई तर पोरगं माघारी येतं."

या एका वाक्यात कोल्हापूरचा शंभर वर्षांचा इतिहास आहे, असे मला वाटते. शाळा काढणारे पुष्कळ झाले. पण खेड्यातले पोर शाळेच्या गावात झोपणार कुठे आणि जेवणार काय, हा प्रश्न राजर्षी शाहूंनी आधी ओळखला. १९०१ साली मराठा बोर्डिंग निघाले. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे झाली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. त्या समारंभाला हजर राहून परतलेल्या एका विद्यार्थ्याला तो राहत होता त्या बोर्डिंगात आंघोळ करून ये म्हणून सांगितले. त्याने नकार दिला आणि बोर्डिंगातली जागा गमावली. तो विद्यार्थी म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. जागा गेलेल्या या विद्यार्थ्याने पुढे आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. बाबासाहेबांनीही बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सुरुवातीच्या कामातच, १९२५ साली, सोलापूरला वसतिगृह उघडले. ही थोर माणसे भाषणे कमी का करत होती? पण खोली, दिवा आणि भाकरी यांचा हिशोब त्यांनी आधी मांडला.

२४ ला शिबिराहून परतले. २५ ला शनिवार. वस्तीत महिला मंडळाचा कार्यक्रम होता. १९२७ साली महाडला ज्या दिवशी मनुस्मृती जाळली तो हा दिवस. मला पाच मिनिटे बोलायला सांगितले होते. सहस्रबुद्धे यांनी तो ठराव मांडला, हे मी सांगितले. त्या ग्रंथाने बाईला शिकायला मनाई केली होती, हेही सांगितले. आत्ती पुढेच बसली होती. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "तू वर बोलत हुतीस तवा आमची धाकटी तुझ्याकडं बघत हुती बघ." धाकटी म्हणजे तिची शेंडेफळ, तेव्हा सातवीत होती. पुढे तिची गोष्ट येणारच आहे.

मग २७, २८, २९ असे तीन दिवस आई कचेरीच्या पायरीवर बसली. पहिल्या दिवशी जबाब नोंदवला. दुसऱ्या दिवशी शिक्का नव्हता. तिसऱ्या दिवशी सही झाली. तीन दिवसांचा रोज गेला. आईला अक्षर वाचता येत नव्हते, पण कागदावरचा गोल शिक्का तिने तपासून घेतला होता. ३० ला, गुरुवारी, ती एकटी एस.टी.ने कोल्हापूरला आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखला, दुसऱ्या पिशवीत गुळाचा खडा आणि बाटलीत काकवी. त्याच दुपारी आम्ही दोघी वसतिगृहात गेलो. मुदतीला एक दिवस बाकी होता.

गृहपाल बाईंनी कागद बघितले, रजिस्टरात नाव घातले आणि एका मुलीला खोली दाखवायला पाठवले. तीन कॉटची खोली. खिडकीजवळची रिकामी. लोखंडी पट्ट्यांची कॉट, पातळ गादी, डोक्याशी लाकडी कपाट, छताला ट्यूबलाइट. आई बराच वेळ उभी राहिली. मग हळूच टेकली.

"एवढं सगळं तुझं एकटीचंच व्हय गं?"

"होय आई."

"आन खाली कोन झोपतंय?"

"खाली कोणी नाही झोपत."

तिने कॉटखाली वाकून बघितले. "मंग रातचं भ्या वाटंल की," म्हणाली. मग तिने पदराने कपाटाची फळी पुसली आणि तिच्यावर गुळाचा खडा ठेवला.

१ जानेवारीला मी पत्र्याची ट्रंक घेऊन राहायला गेले. भीती वाटली नाही, पण पहिल्या रात्री झोपही आली नाही. नऊ माणसांच्या श्वासांची सवय झालेली, ती शांतता कानाला टोचत होती. अकरापर्यंत दिवा होता आणि तो कोणाला त्रास न देता जळत होता. त्या रात्री मी काही फार अभ्यास केला असे नाही. दिवा लावून नुसती बसले होते. दुसऱ्या दिवसापासून मात्र वह्या बाहेर निघाल्या. ३ ला वसतिगृहातल्या मुलींनी सावित्रीमाईंची जयंती केली. पहिल्याच आठवड्यात कॉलेजचे स्नेहसंमेलन झाले. फिशपाँडमध्ये माझ्या नावाने 'एस.टी. महामंडळाच्या सन्माननीय प्रवासी' असा एक आला. डिसेंबरात मी किती फेऱ्या मारल्या, हे कोणीतरी मोजलेले दिसते.

१४ जानेवारीला संक्रांत. संध्याकाळी सगळ्या जणी हॉलमधल्या दूरदर्शन संचासमोर होतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याची घोषणा झाली. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला तो २७ जुलै १९७८ रोजी. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. तो ठराव अमलात यायला साडेपंधरा वर्षे लागली आणि मध्ये पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारख्यांचे प्राण गेले, कित्येकांची घरे जळाली, लाँग मार्च निघाला, हजारो तुरुंगात गेले. हॉलमध्ये कोणी रडत होती, कोणी घोषणा देत होती. एका मुलीने तेवढ्यात प्रश्न काढला, "मागितलं होतं नामांतर, दिला नामविस्तार. हे जिंकणं म्हणायचं का?" त्यावर रात्री साडेअकरापर्यंत वाद झाला. गृहपाल बाईंनी त्या दिवशी दिवा बंद करायला सांगितला नाही. आईने दिलेला गूळ तिळाबरोबर कुटून सगळ्यांना वाटला, तो त्या वादातच संपला.

त्या कॉटवर मी बी.ए. आणि पुढे एम.ए.चे पहिले वर्ष केले. आता वसतिगृहाचे अर्ज ऑनलाइन भरायचे असतात. ज्यांना जागा मिळत नाही अशांसाठी २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाने स्वाधार योजना आहे. राहण्या-जेवणासाठी खात्यात रक्कम जमा होते. चांगली गोष्ट आहे. पण उत्पन्नाचा दाखला तेव्हाही लागायचा आणि आजही लागतो. ज्या घरात मुलगा-मुलगी दहावी-बारावीला आहे, त्या घराने निकालाची वाट न बघता एप्रिल-मे महिन्यातच तो काढून ठेवावा. वडिलांचा धंदा जुन्या कागदांवर काय पडला आहे, तेही आधी बघून घ्यावे. निकालानंतर सगळेच रांगेत असतात.

आत्तीच्या धाकटीचे सांगायचे राहिले. ती कॉलेजला गेली तेव्हा मी तिच्यासाठी वसतिगृहाचा अर्ज आणायला गेले. मिळाला नाही. वसतिगृह बाहेरगावच्या मुलींसाठी असते, आणि ती तर कोल्हापूरचीच, स्थानिक. नियम म्हणून ते बरोबरच आहे. पण तेच दोन खोल्यांचे घर, तोच एक बल्ब, तीच मामांची पाळी. शेवटी वस्तीतल्या विहारात मागची खोली रिकामी करून महिला मंडळाने चार टेबले आणि दोन ट्यूब लावल्या. धाकटीने बी.कॉम. तिथे बसून केले. खोलीची किल्ली तिच्याकडेच असायची. रात्री अकराला सगळ्यांना बाहेर काढून, दिवे मालवून, कुलूप लावून ती घरी जायची.